डॉक्टरांची अहिराणी

देवरे डॉक्टर शुद्ध मराठीत बोलले की पेशंट खूश, आणि अहिराणीत बोलले की त्याच्या पोटात गोळा.

मूळचे ते धुळ्याकडच्या खेड्यातले, दवाखाना आमच्या जळगावात. आजार ओळखू आला की पाठ्यपुस्तकासारखे बोलत : ‘हा हिवताप आहे. गोळ्या घ्या, पथ्य पाळा.’ आजाराचा पत्ता लागला नाही की चष्मा काढत आणि आईच्या बोलीत शिरत : ‘माले समजी नही ऱ्हायनं, भाऊ. देखूत.’ या ‘देखूत’ने भलेभले घामाघूम झालेले मी पाहिलेत.

एकदा भाजीबाजारात त्यांनी आमच्या शेजारच्या नानांना सहज विचारलं, ‘नाना, काय चाली ऱ्हायनं?’ नानांनी वांगी तिथेच टाकली, घरी येऊन अंथरूण धरलं आणि लेकीला सासरहून बोलावून घेतलं. मी पोट धरून हसलो होतो.

मग वैशाखात माझ्या बायकोला, सुमनला, ताप भरला. काही केल्या उतरेना. दवाखान्याच्या खाटेवर ती मलाच विचारू लागली, ‘तुम्ही कोण?’ डॉक्टर नाडी धरून उभे. मी मनात घोकत होतो, शुद्ध बोला हो, एवढ्या वेळी शुद्ध बोला.

त्यांनी चष्मा काढला. ‘भाऊ, माले समजी नही ऱ्हायनं. औषध बदलं शे, रगत तपासाले धाडं शे. आते देखूत.’

मी चिडून म्हणालो, ‘डॉक्टर, खोटं का होईना, बरी होईल म्हणा की!’

ते स्टूल ओढून बसले. ‘मन्ही माय अशीच दवाखानामा व्हती. तठला डॉक्टर बोलना, काही काळजी करू नका. आम्ही बठ्ठा घर जेवाले गऊत.’ सुमनची नाडी पुन्हा धरून म्हणाले, ‘पाणी पाणी करत गयी, बाजूनी बाई सांगे. जोडे, तिना उशाले, आम्हनामाधलं कोणी नही व्हतं. म्हणीसन सांगस. तुम्ही आठून हालू नका.’

मी हाललो नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी तेही उठले नाहीत. दोघे भेदरलेले पुरुष तिच्या छातीच्या भात्याकडे बघत बसलो.

ऊन कलल्यावर सुमनने डोळे उघडले, पाणी मागितलं. मी तांब्याकडे वळेपर्यंत डॉक्टरांनी चमचा तिच्या ओठांशी नेला होता. निम्मं पाणी उशीवर सांडलं; त्यांनी लगेच दुसरा चमचा भरला.