सर्व संबंधितांनी वाचले आहे

जन्मनोंदणी कार्यालयाचा डेटाबेस अपग्रेड करायचे ठरले, तेव्हा नवा डेटाबेस जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल का हे आधी तपासावे, अशी सूचना तंत्रज्ञ बाईंनी केली. सूचना रास्त असल्याने तिच्यावर समिती नेमण्यात आली.

सुसंगततेची पुस्तिका एकशे बारा पानांची होती. 'वाचून सही करावी' अशा शेऱ्यासह ती टेबलाटेबलावर फिरली. साहेबांची सही पाहून वरिष्ठ कारकुनाने सही केली; कारकून वाचणारच, म्हणून साहेबांनी ती आधीच केली होती. तंत्रज्ञ बाई तेवढ्या अडून बसल्या.

"नव्वदावं पान बघा. जुन्या सिस्टिमवर तारखा बिघडतात."

"तेरा जणांनी वाचलंय, बाई. तुम्ही एकट्याच शहाण्या?" साहेब म्हणाले.

इकडे खिडकीपाशी एक बाप आठ महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन उभा होता. सोमवारी तिच्या आईची रजा संपत होती आणि दाखल्याशिवाय पाळणाघर दारात उभे करीत नव्हते. अपग्रेड व्हायचे म्हणून मुलीची नोंद जन्मापासून वहीतच पडून होती.

शुक्रवारी अपग्रेड यशस्वीरीत्या पार पडले. डेटाबेसमधल्या प्रत्येक शहरवासीयाची जन्मतारीख तोच शुक्रवार झाली.

दुपारी साहेबांना बाळांच्या लसीकरणाचे बोलावणे आले. निवृत्तीला आता अठ्ठावन्न वर्षे आहेत हे कळताच ते हरखले. आपण कायद्याने अज्ञान ठरलो आणि आपली सही बाद झाली, हे कळल्यावर त्यांचे तोंड उतरले. कारकून आणि त्याची आई जुळी भावंडे निघाली. माउलीने फोनवरून त्याची अशी हजेरी घेतली, की त्याने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

जुना डेटाबेस परत आणता येत होता, पण मंजुरी हवी होती. नियम स्पष्ट होता : अधिकाऱ्याची सही बाद झाल्यास नोंदीतील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने मंजुरी द्यावी. शोधाशोध झाली. वहीत तारीख शाबूत असलेले सर्वांत जुने नाव सापडले, वय आठ महिने.

अख्खे कार्यालय बापाभोवती गोळा झाले.

"तिचा अंगठा द्या," साहेब म्हणाले.

"आधी दाखला."

"अहो, नियमाप्रमाणे आधी..."

"साहेब, तुमचा जन्म आज सकाळचा. मोठ्यांना उलट बोलू नये."

पाच मिनिटांत दाखला हाताने लिहून, शिक्का मारून तयार झाला. सहीला पात्र दुसरे कोणीच नसल्याने मुलीने स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच अंगठा उठवला. बापाला आनंदाने काय करावे सुचेना. त्याने कारकुनालाच मिठी मारली.

मग मंजुरीचा कागद पुढे आला. मुलीने तो दोन्ही हातांनी धरला, उलटसुलट केला, निरखला, कोपरा चावून पाहिला आणि त्यानंतरच अंगठा लावू दिला. तंत्रज्ञ बाईंना गहिवरून आले. या कार्यालयात सहीपूर्वी कागद इतका बारकाईने तपासलेला त्यांनी प्रथमच पाहिला.

हसताय? काल फोनवर 'मी सर्व अटी वाचल्या आहेत' या चौकटीत तुम्ही टिचकी मारलीत. त्या अटी किती पानांच्या होत्या, सांगा बघू.