धक्का मारायचा नाही

गाडी नीट चालली की कर्णिककाकांचा चेहरा पडायचा आणि बंद पडली की खुलायचा. असा मोटारवाला मी दुसरा पाहिला नाही.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगखाली त्यांची काळी, जुनी विलायती गाडी उभी असे. ती मनाला येईल तिथे बंद पडायची आणि थोड्या वेळाने, काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू व्हायची. काशिमीऱ्याला बशीरच्या गॅरेजमध्ये नेली की मात्र शहाण्या मुलीसारखी चालायची. बशीर बॉनेटला कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "चाचा, गाडी में कुछ नहीं है. आपका वहम है." काका गिरगावातून इकडे राहायला आलेले, साऱ्या नोकरीभर लिफ्टच्या वायरिंगमध्ये हात घातलेले. परतताना रस्ताभर ते पुटपुटत राहायचे, "वहम म्हणे. वहम."

त्यांचे नियम दोन. दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही, कारण पार्ट बदलला की दोष जात नाही, लपतो. आणि गाडी बंद पडली की तिला धक्का मारायचा नाही, कारण धक्क्याने पुरावा नष्ट होतो. पहिल्या नियमामुळे गाडी तीन वर्षं नादुरुस्त राहिली. दुसऱ्यामुळे मी तीन वर्षं उन्हात उभा राहिलो. कारण काकांना साक्षीदार लागायचा आणि बिल्डिंगमध्ये दिवसा घरी असणारा तरुण मी एकटाच होतो. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. काका त्याला काम मानत नसत. "चला कॉम्रेड," असं खालून ओरडायचे, "आज बोलेल असं वाटतंय." बंद पडणे याला ते 'बोलणे' म्हणत. मग घोडबंदरपर्यंत जायचं, यायचं. गाडी बोलायची नाही आणि काका संध्याकाळ तोंड पाडून बसायचे. बोलली, तर त्यांनी पाना काढेपर्यंत पुन्हा सुरू व्हायची. प्रत्येक वेळी ते खिशातल्या निळ्या वहीत काहीतरी लिहून ठेवायचे.

माझा खरा राग वेगळाच होता. काकूंना मी त्या गाडीत कधीच बसलेलं पाहिलं नाही. मुंबईच्या हॉस्पिटलात त्या रिक्षाने आणि पुढे बसने जायच्या, काका सोबत असायचे आणि गाडी खाली उभी. मी विचारलं तर काका म्हणाले, "ती नाही बसायची यात." बस, एवढंच. मी पेटलो. 'गाडी पुरुषाची, पायपीट बाईची' असं एक पत्रक लिहून जिन्यात चिकटवलं. नाव घातलं नव्हतं, पण गाडी बिल्डिंगमध्ये एकच होती. काकांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "लिहितोस बरं. शेवटी जरा आवाज चढतो." काकूंनी त्या दिवशी मला जास्त साखरेचा चहा दिला.

मग ती पश्चिमेच्या मुर्धा गावातली सभा. पाण्याचा प्रश्न होता. बायका टँकरमागे धावत होत्या आणि नव्या बिल्डिंगा उठतच होत्या. पाच वाजता सभा होती, भाषण माझं आणि पत्रकांचा गठ्ठाही माझ्याकडे. काका म्हणाले, सोडतो. मी मूर्ख, बसलो.

रेल्वेचं फाटक ओलांडून मिठागरांपाशी पोचलो आणि गाडी बोलली.

काकांनी हसून ब्रेक लावला. मुर्ध्याचे तिघे-चौघे सायकलवरून चालले होते, ते थांबले. एकजण म्हणाला, "बंद हाय ना? धक्का मारतो."

"कोणी हात लावायचा नाही," काका म्हणाले.

"मंग चालंल कशी?"

"चालायची नाहीये."

सायकलवाल्यांनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं. शेवटी त्यातल्या एकाने पत्रकांचा गठ्ठा कॅरियरला बांधून नेला. मीही मागे बसून गेलो असतो, पण काकांनी तोवर माझ्या हातात दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब दिला होता. म्हणाले, दोनच मिनिटं. त्या बल्बने वीज कुठवर पोचते ते बघत बघत ते पुढे सरकत होते. पाच वाजले. साडेपाच झाले. सभा माझ्याशिवाय झाली, आणि चांगली झाली, असं मला नंतर कळलं.

अखेर काकांनी इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतली करंगळीएवढी वायर बोटाने हलवली. बल्ब लागला. सोडली, विझला. पुन्हा हलवली, लागला. वायर बाहेरून अख्खी होती, आतली तार तुटली होती. हादऱ्याने टोकं जुळली की गाडी सुरू, सुटली की बंद.

मला वाटलं, आता हा माणूस नाचेल. ते नुसते बघत राहिले. तेव्हा माझा स्फोट झाला. मी म्हणालो, तिकडे लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही तीन वर्षं एका वायरीसाठी वही भरताय. बायकोला रिक्षाने पाठवता आणि गाडीची नाडी तपासता. बरंच बोललो. आवाज चढलाच.

काकांनी निळी वही काढून माझ्या हातात दिली. डाव्या पानांवर गाडी होती, जागा, वेळ, ऊन, वेग. उजव्या पानांवर लिहिलं होतं: 'सकाळी सव्वासात. पोळी लाटताना. डावा हात सुटला. नजर थिजली. अर्धं मिनिट. नंतर काही आठवत नाही.' खाली: 'भाजी निवडताना. हाक ऐकली नाही.' अशी पानंच्या पानं.

"हॉस्पिटलात गेलो की हिला काही होत नाही," काका म्हणाले. "तपासतात, सगळं नीट. मोठे डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत. वही पुढे केली तर म्हणाले, एवढं कोण वाचणार." ते ती तुटकी वायर काढून बोटांत फिरवत होते. "रस्त्यात हिला तसं झालं आणि नेमकी ही गाडी बंद पडली तर? म्हणून नाही बसवली."

मिठागरावरचं ऊन उतरलं होतं. काकांनी खिशातून नव्या वायरीचा तुकडा काढला. किती दिवस बाळगत होते, कोण जाणे. वायर जोडली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, आणि आम्ही फाटकापर्यंत आलो. फाटक बंद होतं. काकांनी इंजिन बंद करायचं टाळलं.

"मंगळवारी तिला यातून नेतोय," ते समोर बघत म्हणाले. "ही वही अर्ध्या पानात बसवशील? डॉक्टर वाचेल अशी." मग म्हणाले, "आवाज न चढवता."

त्या अर्ध्या पानाला मला तीन दिवस लागले.