सावंतकाकींनी रिकामा केलेला समुद्र

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्या खालोखाल मी शालिनी सावंत हे नाव सांगतो. भांडुपच्या आमच्या जुन्या इमारतीत त्या समोरच्या दारात राहत. चित्रांच्या पुस्तकाला त्यांनी कधी पुस्तकासारखं वागवलं नाही. त्या ते जमिनीवर उताणं टाकत, शेजारी बाजाराची पिशवी घेऊन बसत आणि चित्राला भाव विचारत.

मी सेलूकडचा, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. शाळेत पुस्तकांचं कपाट एकच, त्याला कुलूप आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. त्यामुळे पुस्तक हाती आलं की हात धुऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही माझी रीत. मुलगी झाली, मुग्धा, तेव्हा तिलाही मी तसंच वाचून दाखवू लागलो. ओळीखाली बोट, स्पष्ट उच्चार आणि शेवटी प्रश्न: "सांग बघू, यातून तू काय शिकलीस?"

मुग्धा काहीच सांगत नसे. तिसरं वर्ष लागलं तरी ती बोटानं दाखवून काम भागवायची. डॉक्टरांनी कान तपासले, ते उत्तम होते. "घरात तिच्याशी भरपूर बोला," ते म्हणाले. मी भरपूर बोललो. संध्याकाळी दोन-दोन पुस्तकं संपवू लागलो. मुग्धा तोंड मिटून पंख्याकडे बघायची आणि माझी बायको सुरेखा स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

आमचं दार उघडं असे, त्यामुळे माझं वाचन समोर ऐकू जाई. एका शनिवारी सावंतकाकी सरळ आत आल्या.

"काय रे बालाजी, पोरीला बातम्या वाचून दाखवतोस काय?"

"गोष्ट वाचतोय, काकी."

"मग मध्ये जरा थांब ना. तू दम घेत नाहीस, ती बोलणार कधी?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि हत्तीच्या चित्रावर बोट ठेवलं. आमच्याशी त्या मुंबईची मराठी बोलत, पण लहान मुलांशी फक्त मालवणी. "ही म्हस दूध किती देता गो?"

"काकी, तो हत्ती आहे," मी म्हणालो.

"तुला विचारलं का? गप बस ना यार."

काकी सत्तरीच्या होत्या. त्यांनी यार म्हटल्यावर मी गप्प बसलो. मुग्धा मात्र पंखा सोडून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. एवढ्या मोठ्या बाईला हत्ती ओळखता येत नाही, हे तिला गंभीर वाटलं असावं.

मग त्या रोजच येऊ लागल्या. पुस्तकातल्या माकडाला ताप आहे असं ठरवून त्यांनी मुग्धाकडून त्याला वाटीनं काढा पाजला. पानाला डाग पडला तो पडलाच. एका पानावर अख्खी संध्याकाळ जाई आणि मला ते बघवत नसे.

"काकी, गोष्ट पुढे जाऊ द्या ना. पुढे राजा येतो."

"येऊ दे की. बसेल बाहेर. इथे माकड तापानं फणफणलंय आणि तुला राजाचं पडलंय."

पुढे समुद्राचं पान आलं आणि काकी खऱ्या रंगात आल्या. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी मासा शिजवलेला नाही. काकींना त्याचं काही नव्हतं. देवमाशाकडे बघून त्या म्हणाल्या, "ह्याका तवो खंयचो आणतलंस?" आणि एवढा मोठा तवा मिळायचा नाही म्हणून त्याला नापास करून त्यांनी पिशवी उघडली.

"पापलेट कसा दिलंस गो?"

मुग्धा गप्प.

"फुकट? देव तुझा बरा करो." काकींनी चित्रावरून चिमटीत पापलेट उचलल्यासारखं केलं आणि पिशवीत टाकलं. मग बांगडा. मग सुरमई. कोळंबी तर त्यांनी मूठ भरून नेली. मुग्धा एकदा पिशवीकडे, एकदा पानाकडे बघत होती. होता होता समुद्र रिकामा झाला. कोपऱ्यात एक इवलासा केशरी मासा उरला. काकींची चिमटी त्याच्याकडे निघाली, तसा मुग्धानं त्याच्यावर पंजा मारला.

"ह्यो नाय," ती म्हणाली. "ह्यो माझो."

सुरेखा कणकेच्या हातांनी दारात आली. मी उठायला गेलो तर काकींनी मला डोळ्यांनीच बसवलं. त्यांनी कौतुक केलं नाही की टाळी वाजवली नाही. घासाघीस पुढे चालू ठेवली.

"तुझो? मग बदल्यात काय देतलंस?"

मुग्धानं बराच विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा."

काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो नको गो. ह्याच्यात काटेच जास्त."

सेलूला आईला फोन करून सांगितलं. मुग्धा पहिल्यांदा कशावरून बोलली, हे तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बोलली ना? मग मासा तर मासा."

पुढे मुग्धा थांबेना. मी एकदा काकींना विचारलं, "हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

काकी पिशवीची घडी घालत होत्या. "शिकायचं काय त्यात? तुझी पोरगी बोलत नव्हती आणि माझ्याशी बोलायला कोण नव्हतं. आमचे हे गेल्यापासून मी कुकरला ओरडते, तेवढंच माझं बोलणं. दोघींची सोय झाली." एवढं बोलून त्या भात टाकायला निघून गेल्या.

मग आमची इमारत पुनर्विकासात गेली. आम्ही मुलुंडला भाड्याच्या घरात आलो आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत काकी कुडाळजवळ भाच्याकडे गेल्या. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं.

आदरणीय काकींना बालाजीचा साष्टांग नमस्कार.

मुग्धा बालवाडीत जाते. ती इतरांना बोलू देत नाही, अशी बाईंची तक्रार आहे. आम्ही ती तक्रार पेढे वाटावेत तशी सगळ्यांना सांगतो.

पत्रास कारण की, फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि ठेवून देता. सुरेखा म्हणते, काकी एवढं कमी कधी बोलत नव्हत्या. भाचा आणि भाचेसून दिवसभर कामावर असतात, हेही कळलं. म्हणून सोबत एक पुस्तक पाठवत आहे. मुग्धाचं समजू नका, ते तुमचं आहे. तिच्याकडे तसंच दुसरं आहे.

मधल्या पानावर लग्न आहे आणि नवरी रुसून बसली आहे. सुरेखा म्हणते, जिलबी संपली म्हणून. मुग्धा म्हणते, तिला झोप आली आहे आणि कोणी अंथरूण घालत नाही. खाली छापलेलं कारण या दोघींनाही मान्य नाही. तुमचं मत हवं आहे.

ते पत्रानं कळवू नका. संध्याकाळी मुग्धा फोनजवळ पान उघडून बसते. तिला वाद घालायचा आहे.

आपला,
बालाजी