साळुंके काका आणि जॉबचं मूळ

कारखान्यांच्या आसऱ्यानं वाढलेल्या आमच्या बजाजनगरात उठल्यापासून झोपेपर्यंत माणसं जॉबविषयीच बोलतात. फक्त आमच्या गल्लीत बोलत नाहीत. कारण गल्लीच्या तोंडाशीच साळुंके काकांचं गेट आहे, आणि गेटवर साळुंके काका आहेत.

'जॉब' हा शब्द कानावर पडला की काका खुर्चीतून उठतात. "थांबा! जॉब म्हंजी काय, मालूम हाय का?"

समोरचा बिचारा "नोकरी" म्हणतो आणि फसतो.

"बिलकुल नाय! जॉब म्हंजी तुकडा. गोळा. जुने इंग्रज गाडीत मावंल एवढ्या मालाला जॉब म्हणायचे. मंग बारक्या कामाला म्हणाय लागले. केलं, हात झटकले, खलास. जन्मभराच्या नोकरीला जॉब म्हणायची फ्याशन लई उशिरा आली."

माणूस काढता पाय घ्यायला लागला, की काका ठेवणीतलं वाक्य काढतात. "आन् गंमत ऐका. हा शब्द आला कुठून, ते नक्की कुणालाच ठाऊक नाय! सारी दुनिया जॉबच्या मागं, आन् जॉबच्या बापाचा पत्ता नाय!"

काका मूळचे पाचोडचे, शेतकरी घरातले. वाळूजच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मशीनवर घडवायला लावलेल्या तुकड्याला तिथं जॉबच म्हणतात, तेव्हा या अर्थाचं त्यांना एवढं नवल वाटायचं कारण नव्हतं. पण रिटायर झाल्यावर त्यांनी कुठल्याशा रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला, त्याच्या पाठीला वायरमनची काळी टेप चिकटवली आणि गेल्या वर्षापासून तर ते हाताबाहेरच गेले. बरं, त्यात दुसरा एकही शब्द बघतील तर शपथ. मी एकदा 'सॅलरी'चं मूळ विचारलं, तर म्हणाले, "ते आपलं खातं नाय."

माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हाची गोष्ट. मुलाचे मामा गाडी लावता लावता फोनवर कुणाला तरी म्हणाले, "मुलगा चांगल्या जॉबला आहे." झालं! मामा गेटवरच अडकले. इकडे पोहे गार होऊन वातड झाले. शेवटी मी शोधायला गेलो, तर मामा काकांच्या खुर्चीत आणि काका समोर उभे राहून विचारताहेत, "म्हंजी तुमचा भाचा गाडीतला माल हाय, का मशीनवरचा?" लग्न जमलं, ही भाचीची पुण्याई. पण मामा आमच्या गल्लीत शिरले की आजही जपून 'नोकरी' म्हणतात.

काकांचा मुलगा संतोष मात्र अगदी उलटा. इंजिनिअर, मितभाषी. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीनं काम कमी केलं आणि तो घरी बसला. रोज सकाळी फाइल घेऊन बाहेर पडतो, संध्याकाळी मान खाली घालून परत येतो. सुरुवातीला भेटेल तो त्याला विचारायचा, "लागला का रे जॉब?" मीही विचारायचो. आपुलकीनंच हो, पण विचारायचो.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी काकांनी मला आणि शेजारच्या पठाणभाईंना एकदमच पकडलं. मी नुसतं "दूध आलं का?" एवढंच विचारलं होतं.

"काका, मी तो शब्द काढलासुद्धा नाही!" मी वैतागलो.

"काढला असता ना पर!" म्हणत त्यांनी आम्हा दोघांना खांद्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि जुन्या इंग्रजांची गाडी हाकायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून संतोष आत गेला. दाराची कडी वाजली, आणि काका अर्ध्या वाक्यात थांबले. "बरं, जा आता."

पठाणभाई सुटकेचा निःश्वास टाकून गेले. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. "काका, हे सगळं संतोषसाठी चाललंय?"

काका गेटची कडी वरखाली करू लागले. "लोकं वाईट नायत. मायेनंच इचारतेत. पर कुणी इचारलं की पोरगं रातच्याला नुसता घास चिवडत बसतंय. आता कसं, माझ्या भ्यानं तो शब्दच कुणी काढत नाय. येडं म्हणतेत मला, म्हणू द्या. माझं काय, रिटायर मानूस!"

इतके दिवस या माणसाची नक्कल करून मी घरच्यांना हसवत होतो.

दोन-चार दिवसांनी कामावरून परतताना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी संतोष उभा दिसला. काखेत फाइल, हातात रिकामा कप.

"घरी नाही जात?"

"थोडं थांबतो, दादा. बाबांना अजून कुणी गावलं नाय."

मी बघितलं. काका गेटवर एकटेच उभे राहून मान वळवून वळवून दोन्हीकडे बघत होते.

संतोष हळूच हसला. "मला आता कुणी काय बी इचारलं तरी चालतंय. पर हे त्यांना कसं सांगू? सांगितलं तर ते दिवसभर करतील काय?"

मी गेटपाशी जाऊन उभा राहिलो, बायकोला फोन लावला, आणि काकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, आज जॉबवर किती दमलो ते तिला सांगायला लागलो.