ठवरेसाहेबांची शिट्टी

ठवरेसाहेबांकडे चहाला गेलं, की पाहुण्यांनाच कामं वाटली जात. एकानं पाणी उकळायचं, दुसऱ्यानं आलं किसायचं, तिसऱ्यानं कप धुवायचे. सगळं एकाच वेळी. चहा झटपट व्हायचा. फक्त कधीकधी साखर तिघांनीही टाकलेली असायची.

"कामात चूक नाही, बोलन्यात आहे," तो पाक शांतपणे पीत ते म्हणायचे. "टाकली, तर सांगावं ना एकमेकाले."

भिलाई मध्य प्रदेशात होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या रिसाली वसाहतीत ते आमच्या शेजारी एकटे राहायचे. स्टील प्लांटच्या संगणक विभागात अधिकारी होते. तिथे संगणक एकच, त्यामुळे प्रत्येक कामाला रांग. आणि रांग म्हटली की त्यांच्या कपाळावर आठी. घरी बसून ते अनेक संगणकांनी मिळून एका दमात सोडवायची गणितं मांडायचे. ते संगणक कुठे आहेत, असं मी एकदा विचारलं. "येऊन राहिले," ते म्हणाले, जणू स्टेशनवर उतरलेतच.

त्यांचं लाडकं गणित जोड्यांचं. ते मला उमगलं एका फजितीनंतर.

मी मराठी मंडळाचा सचिव होतो. विदर्भातून आलेल्या, दिवाळीला गावी जाऊ न शकणाऱ्या शिकाऊ पोरांना एकेका कुटुंबानं जेवायला बोलवायचं, अशी आमची पद्धत होती. कोण कुणाकडे, हे मी ठरवायचो. एका वर्षी मी एका पोराला देशपांड्यांकडे लावलं. त्याला मात्र आपल्या गावच्या कडूवहिनींकडे जायचं होतं, आणि वहिनींनाही तोच हवा होता. दोघांनी परस्पर जमवलं. देशपांडे पानं वाढून वाट बघत बसले, आणि कडूंकडे ठरलेला पोरगा उपाशी हॉस्टेलवर परतला. मंडळात बरेच दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

"तू जोड्या लावल्या, पन टिकनाऱ्या नाही लावल्या," ठवरेसाहेब म्हणाले. "पुढच्या साली मी लावतो."

पुढच्या दिवाळीआधी मंडळाच्या हॉलमध्ये कुटुंबं खुर्च्यांवर बसली. शिट्टी वाजली, की प्रत्येक पोरानं आपल्याला सर्वांत आवडणाऱ्या घरापुढे जायचं. घरानं आलेल्यांतला एक धरून ठेवायचा, बाकीचे सोडायचे. सोडलेल्यांनी पुढच्या शिट्टीला त्याखालच्या आवडीचं घर गाठायचं. जास्त आवडता कुणी आला, तर धरलेल्यालाही सोडायची मुभा.

"हो म्हनू नका, नुसतं थांब म्हना," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

शिट्टी वाजली. सगळी पोरं एकदम उठली; कुणी पाटोडीच्या झणझणीत रश्श्याच्या लोभानं, कुणी कॅरमसाठी. वहिनींपुढे ही गर्दी! दुसऱ्या शिट्टीला गर्दी पांगली, तिसरीला आणखी. ज्या कामाला मला दुपार पुरत नसे, ते चहाला उकळी येण्याआधी आटोपलं. आता परस्पर जमवायला जागाच नव्हती, कारण पोराला जे घर जास्त आवडत होतं, त्या घरानं त्याच्याहून आवडता धरून त्याला आधीच सोडलं होतं. मी थक्क होऊन उभा राहिलो. कुणालाच सगळं ठाऊक नव्हतं, आणि तरी सगळ्यांनी मिळून अचूक ठरवलं होतं.

मग ध्यानात आलं, घरांपेक्षा पोरं जास्त होती. उरलेली गेली कुठे?

ती दाराशी, ठवरेसाहेबांच्या खुर्चीभोवती उभी होती.

"इतके सगळे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"माझ्या खुर्चीनं कोनालेच सोडायचं नाही, असा नियम आहे," ते म्हणाले. शिट्टी त्यांनी खिशात टाकली. "मी नवा आलो तवा मलेही असंच बोलावलं होतं. घरं संपली, मी उरलो. कोनाच्या ध्यानातही नाही आलं."

मग ते पोरांकडे वळले. आतापर्यंत हॉल हलवणारा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मले सैपाक काही खास येत नाही. याल ना पन?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जेवाले किती वाजता येऊ, काका?" एकानं विचारलं.



"सकाळीच या," ठवरेसाहेब म्हणाले.