सोळा एमबीचा मोर

बालमित्रांनो, एका जंगलात रेंज यायची. आता रेंज येते म्हटल्यावर तिथली लग्नंसुद्धा मोबाइलवरच जमायची.

त्या जंगलात चंद्रसेन नावाचा मोर होता. इतका देखणा, की मला तर त्याचा रागच यायचा. त्याला पलीकडच्या डोंगरावरच्या शेवंती लांडोरीचं स्थळ सांगून आलं. तिच्या मामांचा निरोप होता, "मुलाच्या नाचाचा व्हिडिओ पाठवावा."

चंद्रसेन जीव ओतून नाचला. पण व्हिडिओ भरला दोनशे एमबी, आणि 'किलबिल' ॲप सोळाच्या वर काही घेईना.

तो मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माकडाकडे गेला.

"रंग कमी करू?" माकडाने विचारलं.

"करा. पण पिसाऱ्याला हात लावू नका."

"शेठ, पिसाऱ्यावरचे डोळेच तर सगळी जागा खातात!"

डोळेही गेले. शेवटी सोळा एमबीत काहीतरी मातकट, अडखळत हलताना दिसू लागलं. ते एकदाचं गेलं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. मुलगा पसंत! 'साधा आहे, भपका नाही,' असं मुलीच्या मावशींनी खास कळवलं होतं.

चंद्रसेन नटूनथटून मुलीकडे पोहोचला. पिसारा फुलवला. शेवंतीच्या चोचीतला पोह्यांचा घास तिथेच गळून पडला. मामांनी मात्र एकदा मोबाइल पाहिला, एकदा मोर पाहिला.

"हा तो मुलगा नव्हे."

"अहो मामा, मीच तो!"

"आम्हाला फसवता? त्यात एवढं निळं कुठं होतं?"

"मामा, मला हेच पसंत आहेत," शेवंती म्हणाली. पोर धीट होती.

"तू गप्प बस. व्हिडिओ चार डोंगरांवरच्या पाहुण्यांना गेलाय. आता त्यांना काय सांगू, मुलगा बदलला म्हणून?"

बिचारा चंद्रसेन! शेवंती त्याच्या मनात भरली होती, करणार काय? तो तळ्याकाठच्या चिखलात लोळला. माकडाकडून पिसारा छाटून घेतला. लग्नात नाचला तोही दर दोन पावलांनी मध्येच थांबत.

"हुबेहूब!" मामांचे डोळे भरून आले.

शेवंती मान खाली घालून बसली होती. वऱ्हाडाला वाटलं, लाजली.

तात्पर्य : मुलांनो, व्हिडिओ खराब झाला म्हणून रडत बसू नये. आपणही तेवढंच खराब व्हावं, म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही.