बॅटरीला दाखवलेलं ऊन

ताईबाईंच्या सुनेची, दिपमालाची, नरडाण्याला बॅटरीच्या कारखान्यात मुलाखत होती, आणि ऐन सकाळी तिच्या इलेक्ट्रिक स्कूटीची बॅटरी अर्धीच भरली असताना लाईट गेली. ती आंघोळीला वळली तशी ताईबाईंनी बॅटरीची ती जड पेटी कडेवर घेतली आणि गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी मांडली. टॉर्चचे, रेडिओचे सेल त्यांनी जन्मभर असेच ऊन दाखवून आणखी काही दिवस ओढले होते. घरातली पहिलीच सून स्वतःच्या गाडीवर नोकरी मागायला निघालेली. तिला आपला काही हातभार नको?

लाईट आली. दिपमालाने पेटी शोधून आणली, चार्जर लावला, तर लाल दिवा लुकलुकायला लागला.

"आत्याबाई, ही एवढी तापली कशी?"

"मी ऊन दखाडं तिले. सेलम्हा जीव येस ना."

शेजारच्या भिकुबाई भिंतीवरून डोकावल्या. "हौदम्हा बुडाड. चटकन थंडी व्हई जाई."

ताईबाई पेटी उचलून निघाल्यासुद्धा. दिपमालाने धावत जाऊन ती हिसकावली.

"पाणी नको, फ्रीजही नको. सावलीत नुसती ठेवायची. हे सेलसारखं नसतं, आत्याबाई. ह्यात लिथियमचे बारीक कण असतात. चार्ज करताना ते एका बाजूकडून दुसरीकडे जातात, गाडी चालली की परत येतात. फार तापलं तर त्यांची वाट खराब होते, म्हणून आतलं सर्किट चार्जिंगच बंद करतं."

"म्हंजे त्या कण सासर-माहेर करतस," ताईबाई म्हणाल्या. "मंग बरोबर शे. भर उनम्हा पोरले कोण धाडी?"

आणि त्या सूप घेऊन पेटीला वारा घालत बसल्या.

पेटी निवली, भरली, दिपमाला कशीबशी वेळेवर निघाली. ताईबाई मात्र दिवसभर दारात आत-बाहेर करत होत्या. पोरीची नोकरी आपण कुरडईसारखी वाळवली, असंच वाटत राहिलं.

संध्याकाळी स्कूटी दारात आली.

"आत्याबाई, मॅडमनी विचारलं, बॅटरी तापली तर काय कराल? मी सकाळचं सगळं सांगितलं, तुमच्या सुपासकट. हसता हसता म्हणाल्या, सोमवारपासून या."

ताईबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग भिंतीपाशी जाऊन आवाज दिला, "भिकुबाई, लागनी नोकरी. सारं मीच शिकाडं तिले."

"आन हौदनं मी सांगेल व्हतं, ते सांगं का व?"

"सांगितलं ना," दिपमाला म्हणाली. "काय करायचं नाही, त्यात पहिलं तुमचंच नाव घेतलं."

भिकुबाई ऊर भरून घरात गेल्या. कंपनीत आपलं नाव पहिलं निघालं, हे अजून नवऱ्याला सांगायचं होतं.